स्टिकरखालची ओळ

दुपारी तीनच्या सुमाराला दुकानात फारशी वर्दळ नसते, म्हणून ती त्या वेळेला जाते. खरं तर जायचं तिला काही कारण नाही. माल पोचवायचं काम नवऱ्याचं, दुकानदारांशी बोलायचं काम वन्संचं, आणि तिचं स्वतःचं काम गोदामाच्या मागच्या खोलीत, तराजू, थर्मामीटर आणि स्टिकर छापायचा प्रिंटर यांच्या सोबतीनं. पण आठवड्यातून एकदा ती कुठल्या तरी दुकानात शिरते, बिस्किटांच्या फळीपाशी जाते आणि आपली पाकिटं नीट लावते. चॉकलेट वेफरची लांबट तपकिरी पाकिटं, पाच आठवडे बोटीतून आलेली. आडवं पडलेलं उभं करते, मागे गेलेलं पुढे ओढते, आणि एखादं उलटं ठेवलेलं असलं तर सुलटं करण्याआधी क्षणभर त्याच्या पाठीकडे बघते. पाठीवर तिनं लिहिलेलं असतं.

आज त्या फळीपाशी एक बाई उभी होती. करडा कोट, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीतून लहान मुलाच्या रेनकोटाची पिवळी बाही बाहेर लोंबत होती. बाईच्या हातात तपकिरी पाकीट होतं आणि ते उलटं होतं. बाई पाठीवरचं वाचत होती. नुसती नजर टाकत नव्हती. पहिल्या ओळीवर बोट ठेवून एकेक शब्द घेत होती, ओठ किंचित हलत होते, आणि शेवटच्या ओळीपाशी पोचल्यावर बोट पुन्हा वर गेलं आणि पुन्हा खाली आलं. ती दोन पावलांवर थांबली. तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. सहा वर्षांत या देशात तिनं लिहिलेलं एवढंच छापलं गेलं होतं. इथल्या भाषेत अकरा ओळी. साखर, गव्हाचं पीठ, वनस्पती तूप, कोको, दुधाची भुकटी, असं वजनाच्या उतरत्या क्रमानं. मग साठवणुकीचं तापमान, मग आयात करणाऱ्याचा पत्ता. आणि सगळ्यांत खाली, नियमानं लागत नसलेली, पण दुकानदार विचारतात म्हणून तिनं आपणहून घातलेली एक ओळ: यात शेंगदाणे नाहीत. हे कुणी वाचतं का, असं तिनं कधी मोठ्यानं विचारलं नव्हतं. आणि आज कुणीतरी दोनदा वाचत होतं. बाईनं पाकीट पिशवीत टाकलं, जरा विचार करून आणखी एक घेतलं, ओळखदेख नसलेली माणसं हसतात तसं तिच्याकडे बघून हसली आणि गल्ल्याकडे गेली.

ती मग बराच वेळ फळी लावत राहिली. आनंद झाला की ती कामच काढते, लहानपणापासूनची सवय. मागच्या रांगेत एका पाकिटावरचा स्टिकर तिरका बसला होता, कोपऱ्याला सुरकुती होती. मावशींचा हात कधी असा चुकत नाही. माल फार गार असताना लावला तर गोंद धरत नाही, तसंच झालं असणार. तिनं सुरकुती नखानं सपाट करायला घेतली तर कोपरा उचलला गेला, आणि मग एखादं पान गळावं तसा अख्खा स्टिकर अलगद तिच्या अंगठ्यावर आला. खाली छापलेलं दिसलं. आपली लिपी. आपली भाषा माणूस वाचत नाही, ओळखतो. अल्बममधला काकांचा चेहरा बघावा तशी तिची नजर साखरेवरून, गव्हाच्या पिठावरून घसरत खाली आली आणि अडखळली, कारण सगळ्यांत खाली एक ओळ होती जी तिच्या ओळखीची नव्हती. ओळखता आली नाही म्हणून वाचावी लागली. यात शेंगदाणे आहेत.

ती दारापर्यंत धावली. बाहेर ढगाळ उजेड होता आणि त्यात रस्त्यावरचे सगळेच कोट करडे दिसत होते. समोरच्या थांब्यावरून बस नुकतीच हलली होती. डावीकडे दोन करडे कोट, उजवीकडे चार. तिनं हाक मारायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की या भाषेत ती कधी ओरडली नाही. पत्रं लिहिली, अर्ज भरले, क्रियापदांचे तक्ते पाठ केले; पण भर रस्त्यात एखाद्या अनोळखी बाईला थांबवायला काय ओरडतात ते तिला माहीत नव्हतं. शब्द सापडेपर्यंत बस वळली. अंगठ्यावरचा स्टिकर वाऱ्यानं फडफडत होता. ती आत आली, फळीवरची उरलेली एकोणीस पाकिटं टोपलीत भरली आणि गल्ल्यावर नेऊन ठेवली. गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "घरी पाहुणे येणार वाटतं?" ती म्हणाली, "हो." तेवढं मात्र तिला पटकन सुचलं.

दुकानापासून गोदाम वीस मिनिटांच्या अंतरावर आहे. ती चालत निघाली. पिशवीतली पाकिटं पावलागणिक कुजबुजल्यासारखी वाजत होती. स्टिकरचं माप तिचंच होतं. बावन्न मिलिमीटर बाय अडतीस. सुरुवातीला ते यापेक्षा लहान होतं आणि त्याच्या वरखाली आपल्या लिपीचे काने, मात्रा, वेलांट्या डोकावायच्या. वन्सं म्हणाल्या, हे ठिगळ लावल्यासारखं दिसतं, इथली माणसं नाक मुरडतात. म्हणून तिनं पट्टी घेऊन खालचा मजकूर चारी बाजूंनी मोजला आणि बरोबर तेवढंच झाकणारा स्टिकर केला. एक रेघ इकडे नाही, एक तिकडे नाही. कारखान्यानं सहा महिन्यांपूर्वी नवीन वेष्टनाचा नमुना पाठवला तेव्हाही तिनं पट्टी लावून पाहिली होती. वरचा तपकिरी रंग थोडा गडद झाला होता. मजकुराची चौकट तेवढीच होती. अक्षर किंचित बारीक करून त्यांनी तेवढ्याच जागेत एक ओळ जास्त बसवली होती. तिनं चौकट मोजली. आतलं वाचलं नाही. आतलं आपल्याच भाषेत होतं, त्यात काय वाचायचं. इथल्या भाषेतल्या अकरा ओळी तिनं प्रत्येक छपाईआधी शब्द न् शब्द तपासल्या होत्या, शब्दकोश मांडीवर घेऊन, कारण ती भाषा परकी होती आणि परक्याशी जपून वागावं लागतं. एकाच पाकिटाच्या पाठीवर दोन वाक्यं होती, एक होकाराचं आणि एक नकाराचं. दोघांच्या मध्ये कागदाच्या जाडीएवढं अंतर, तेही तिला ठाऊक होतं: आठ शतांश मिलिमीटर.

लग्नाआधी ती पाण्याच्या प्रयोगशाळेत होती. लांबच लांब ओटा, खिडकीतून येणारी तिरपी उन्हं, बाटल्यांवर गावांची नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या. तिथले सर, ज्यांना सगळे मागून 'शून्य दशांश' म्हणत, नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगायचे, दिसलं ते लिहा, वाटलं ते लिहू नका. तिला ते इतकं आवडलं होतं की तिनं ते आयुष्यालाच लावलं. वाटलेलं ती बाजूला ठेवायला शिकली. लग्न ठरताना काय वाटलं, विमानाच्या खिडकीतून खालचे दिवे लहान होत गेले तेव्हा काय वाटलं, पहिल्या हिवाळ्यात तीन महिने कुणीही तिला नावानं हाक मारली नाही तेव्हा काय वाटलं, यातलं कुठेच काही नोंदलेलं नाही. आणि आता चालता चालता तिला तो अकरा दिवसांपूर्वीचा सोमवार आठवला. तिला वाटलं, थांबावं, कुठेतरी टेकावं. पण तिथे टेकण्यासारखं काही नव्हतं, नुसती एक लांब भिंत होती.

त्या सोमवारी नवीन खेप उघडली होती. दर खेपेचं पहिलं पाकीट ती फोडते, तसं फोडलं. ओलावा मोजला, दोन पूर्णांक एक. चॉकलेटवर पांढरी झाक नाही. वेफर कडकन मोडतो. मग एक तुकडा जिभेवर ठेवला, आणि वहीत लिहिलं, चव ठीक. पण तो तुकडा विरघळत असताना ती त्या खोलीत नव्हतीच. ती आईच्या स्वयंपाकघरात होती. रविवारची सकाळ, आई जमिनीवर बसून भाजलेले दाणे तळव्यांमध्ये चोळते आहे, मग सूप हातात घेऊन पाखडते आहे, आणि तांबूस पातळ सालं उन्हाच्या पट्ट्यात उडताहेत. ती, सहा-सात वर्षांची, मुद्दाम त्या उडणाऱ्या सालांखाली जाऊन उभी राहते. आई म्हणते, "सर गं बाजूला, केसांत जाईल." ती सरत नाही. सालं इतकी हलकी असतात की केसांवर पडलेली कळतसुद्धा नाहीत, मागून कुणी वेचली तरच कळतात. त्या दिवशी दुपारभर तिच्या अंगाभोवती ती ऊब होती. स्टिकर छापताना, खोकी मोजताना, सगळीकडे. नवऱ्यानं येता-जाता दोन वेफर तोंडात टाकले आणि म्हणाला, "यावेळचा माल खमंग आहे हं." ती हसली होती. तिला वाटलं होतं, आईची आठवण येते आहे. बरेच दिवसांत फोन केला नाही, करायला हवा. संध्याकाळी तिनं फोन केला पण, आई आणि ती गुडघेदुखीबद्दल बोलल्या. आठवण कुठून आली हे तिनं स्वतःला विचारलं नाही. जी बाई पाण्यात लाखातला एक भाग मीठ असलं तरी कुठून आलं ते शोधायची, तिनं एवढी मोठी सकाळ जिभेवर येऊन बसली तरी तिचं मूळ शोधलं नाही. कारण ती वाटलेली गोष्ट होती.

गोदामात मावशी आपल्या उंच स्टुलावर बसून स्टिकर लावत होत्या. मावशी कुणाच्याच सख्ख्या मावशी नाहीत. मुलाकडे राहायला आल्या, घरात भिंती बघून जीव कावला, म्हणून इथे येतात. बोटाला रबरी टोपण, समोर पाकिटांची चळत, आणि तोंडानं सतत काहीतरी गुणगुणणं.

"आलीस का गं? थर्मासात चहा आहे," त्या मान वर न करता म्हणाल्या. मग मान वर केली. "पण तुझं तोंड बघून वाटत नाही चहानं भागेल."

तिनं स्टिकर निघालेलं पाकीट त्यांच्यापुढे धरलं. "मावशी, ही खालची ओळ तुम्ही वाचली होती?"

मावशींनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. "ही होय? शेंगदाण्याची? वाचली की. पहिल्याच दिवशी."

"मग?"

"मग काय? म्हटलं, ही नवीन दिसतेय, तुला विचारावं. मग म्हटलं, आपण कोण विचारणार! तू केस मोजून भांग पाडणारी बाई. तू काही लिहायचं सोडशील होय? मला कुठे इथली भाषा वाचता येते? तुझ्या स्टिकरवर असेलच म्हटलं, आणि झाकत गेले."

"मी लिहिलंय, शेंगदाणे नाहीत म्हणून."

मावशींच्या बोटावर एक स्टिकर तयार होता. तो त्यांनी हळूच परत कागदाला चिकटवला. "अगं बाई," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी दिवसाला चारशे वेळा खोटं बोलले की." मग जरा थांबून, "पण त्यानं काय होतं गं? आम्ही तर मुठी भरभरून खाल्ले. दाण्यानं कुणी मरतं का?"

"काहींना चालत नाहीत, मावशी. घसा सुजतो. श्वास बंद होतो. लहान मुलांचा लवकर होतो."

मावशींनी टोपण काढलं आणि बोटाकडे बघत बसल्या. तिला वाटलं, त्या आता आपल्याला रागावतील, आणि तिला ते हवंही होतं. पण त्यांनी नुसता चहा ओतला आणि तिच्यापुढे सरकवला.

वन्सं पुढच्या खोलीत फोनवर बोलत होत्या. त्यांचं बोलणं दोन खोल्या ओलांडून ऐकू येतं. या देशात आधी त्या आल्या, एकट्या. अकरा वर्षं दुसऱ्याच्या मिठाईच्या दुकानात उभं राहून त्यांचे पाय कायमचे सुजले, आणि त्या सुजलेल्या पायांवर त्यांनी हे गोदाम उभं केलं. मग भावाला बोलावलं, मग भावाच्या बायकोला. या दोघांचे इथे राहायचे कागद या गोदामाच्या नावावर आहेत. गोदाम आहे तोवर कागद आहेत. पहिल्या हिवाळ्यात बूट कसले घ्यायचे, बसमध्ये कुठल्या दारानं चढायचं, डॉक्टरकडे काय म्हणायचं, सगळं वन्संनी शिकवलं. आणि येत्या आठवड्यात सत्तर दुकानं असलेल्या मोठ्या साखळीत त्यांचे वेफर पहिल्यांदा जायचे होते. त्यासाठी वन्संनी तीन वर्षं उंबरे झिजवले होते. त्यांनी फोन ठेवला.

"या, शास्त्रीणबाई. आज कुणाचं माप चुकलं?"

"माझं," ती म्हणाली, आणि सांगितलं. उभ्या उभ्या सांगितलं, अहवाल वाचावा तसं. वन्सं पाकीट हातात घेऊन फिरवत राहिल्या.

"किती बाहेर गेलीत?"

"दोनशे बारा खोकी. अकरा दिवसांत."

"कुणाला काही झाल्याचं कानावर आलंय?"

"नाही."

"मग झालं नाही."

"कानावर आलं नाही म्हणजे झालं नाही, असं नसतं, वन्सं."

"सुरू झालं हिचं. अगं, जरा साध्या माणसासारखी बोल माझ्याशी, मी काय परीक्षक आहे?" त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. "हे बघ. उद्या सकाळपासून तुम्ही दोघं गाडी घेऊन निघा. एकेका दुकानातून सगळं उचला. सांगायचं, वाटेत ऊन लागून चॉकलेट पांढरं पडलंय, बदलून देतो. तूच सांगतेस ना, पांढरं पडतं, खाल्लं तर काही होत नाही? मग झालं तर. इकडे मावशी नवीन स्टिकर लावतील. आठ दिवसांत सगळं जिथल्या तिथे. बोभाटा नाही की काही नाही."

"आणि घरोघरी गेलंय ते?"

वन्संनी टेबलावरची टाचणी उचलली आणि टाचण्यांच्या डबीत टाकली. "ते गेलं," त्या म्हणाल्या.

"आज एका बाईनं दोन पाकिटं घेतली. माझ्यासमोर. वाचून घेतली."

"वाचतात गं. साखर किती, चरबी किती. जाड होण्याची भीती, दुसरं काय."

"बोट शेवटच्या ओळीवर होतं."

"मग तू का नाही थांबवलंस तिला?" वन्सं एकदम मोठ्यानं म्हणाल्या. मग खाली बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अन्न-तपासणीच्या कार्यालयात कळवलंस तर ते कुलूप लावतील. तपासणी म्हणजे काय असतं तुला माहीत नाही, मी बघितलंय. साखळी गेली. कागद गेले. तुम्ही दोघं परत. आणि मी या पायांनी पुन्हा कुणाच्या दुकानात उभी राहू? सांग. तू ठरव. तू शिकलेली आहेस."

ती थंड खोलीत गेली. तिथे सोळा अंश असतं, वर्षभर. भिंतीला टेकून छतापर्यंत खोकी आणि मध्ये एक माणूस उभा राहील एवढी वाट. पंख्याचा एकसुरी घुमणारा आवाज. या खोलीत तिला नेहमी पाण्याखाली असल्यासारखं वाटतं. कोकोच्या चरबीचे सहा प्रकारचे स्फटिक असतात, त्यांतला पाचवाच तेवढा चांगला, तकतकीत, खटकन मोडणारा. पण तो कायमचा नसतो. नीट सांभाळून ठेवला तरी आतल्या आत सावकाश सहाव्याकडे सरकत असतो, आणि एक दिवस वर पांढरी धूळ दिसते. लोकांना वाटतं बुरशी आली. खरं म्हणजे काहीच आलेलं नसतं, जे आत होतं तेच वर आलेलं असतं. ती खोक्यांना हात लावत चालत गेली. पुठ्ठा गार होता. दोनशे बारा खोक्यांची पाकिटं आता इथे नव्हती. ती या शहरात विरघळून गेली होती. तिला ती एकेक करून दिसू लागली, झोपेआधी दिसतात तशी. डबे ठेवायच्या फडताळात एक, गाडीच्या हातकप्प्यात एक, दवाखान्याबाहेरच्या बाकावर एक, अर्धं खाल्लेलं, कुणीतरी दुमडून ठेवलेलं. शाळेच्या दप्तराच्या बाजूच्या खिशात एक. आणि प्रत्येक पाकिटाच्या पाठीवर तिचे शब्द, काळजीपूर्वक निवडलेले, व्याकरणानं निर्दोष, आणि त्या शब्दांवर विश्वास ठेवून पाकीट फोडणारे हात. हात लहान होते. किती लहान ते तिला ठरवता येईना. जवळ जाऊन बघावं तर ते आणखी लहान व्हायचे. मग तिला वाटलं, या खोलीतच राहावं. सोळा अंशांत काही बदलत नाही, निदान डोळ्यांना दिसेल असं नाही. उद्या गाडीतून फिरावं, पांढरं पडलंय म्हणावं. तिनं ते म्हटलं तर कुणी शंका घेणार नाही. तिच्यावर कुणीच शंका घेत नाही. मावशींनी घेतली नाही, त्या बाईनं घेतली नाही. तिची सगळी हुशारी शेवटी याच कामाला आली होती, की लोकांनी विचारायचं सोडून द्यावं.

खिशातला फोन थरथरला. नवरा होता, गाडी चालवताना बोलत होता, मागे इंडिकेटरची टिकटिक ऐकू येत होती.

"ताईनं सांगितलं मला. तू घाबरू नकोस. उद्या पहाटेच निघू, दोन दिवसांत उरकून टाकतो. ऐकतेस ना?"

"तू म्हणाला होतास, खमंग आहे."

"कोण? काय खमंग?"

"त्या सोमवारी. वेफर खाऊन."

टिकटिक थांबली. "अगं, मी काय, काहीही बोलतो. मला काय कळतंय त्यातलं?"

"मला कळलं होतं," ती म्हणाली. "जिभेला कळलं होतं. मी लिहिलं नाही."

 तो म्हणाला, "हे बघ, परत जावं लागलं तर जाऊ. काय व्हायचंय? पण ताईचं काय, ते तू बघ. माझ्याच्यानं तिला सांगवणार नाही."

ती बाहेर आली. मागच्या खोलीतल्या भिंतीवर आयातदारांसाठीचा सरकारी तक्ता लावलेला आहे, त्याच्या तळाशी एक नंबर. कार्यालय पाचला बंद होतं. घड्याळात पाचला सतरा मिनिटं कमी होती. तिनं स्टिकरच्या कागदाच्या पाठीवर वाक्यं लिहायला घेतली. आधी काय म्हणायचं, मग काय. भूतकाळ कुठे, कर्मणी कुठे. 'चूक झाली' असं लिहिलं, मग ते खोडून 'मी चूक केली' असं लिहिलं. मावशी स्टुलावर तशाच बसल्या होत्या, हात मांडीवर. नंबर फिरवताना दारात सावली पडली.

"ठेव तो," वन्सं म्हणाल्या.

तिनं ठेवला नाही. पलीकडे घंटी वाजत होती. वन्संचा चेहरा तिला नीट दिसत नव्हता, मागून उजेड येत होता. दिसत होते ते फक्त त्यांचे पाय, बुटांच्या कडांवरून वर आलेले. तिला एकदम त्या पायांना हात लावावासा वाटला. ती म्हणाली, "वन्सं, मी बोलले नाही तर मला पुन्हा कधी काही लिहिता येणार नाही. तुम्ही म्हणाल तर तुम्ही बोला. पण पाचच्या आत कुणीतरी बोलायला हवं."

वन्सं आत आल्या. त्या फोन हिसकावून घेतील असं मावशींना वाटलं असावं, कारण त्या स्टुलावरून उतरल्या. पण वन्सं एका बंद खोक्यावर बसल्या, तिच्याकडे पाठ करून, आणि भिंतीशी बोलल्यासारखं म्हणाल्या, "नाव विचारलं तर आधी माझं सांग. परवाना माझ्या नावावर आहे. उगाच पुढे पुढे करू नकोस."

घंटी थांबली. पलीकडे एका पुरुषाचा आवाज आला, दमलेला, दिवस संपत आल्यावर असतो तसा. तिनं कागदावरचं पहिलं वाक्य वाचलं. तिचा आवाज तिला परका वाटला, फार हळू आणि फार शुद्ध. त्यानं मधेच थांबवलं नाही. बॅचचा नंबर विचारला, किती खोकी, कुठली दुकानं, पहिल्यांदा माल कधी गेला. तिनं सांगितलं. त्यानं नाव विचारलं तेव्हा तिनं वन्संचं सांगितलं, आणि मग स्टिकर कुणी लिहिला असं न विचारताही स्वतःचं सांगितलं. कागदावरची वाक्यं संपली. त्यापुढचं तिला आपलं आपण बोलावं लागलं आणि ते मोडकं तोडकं निघालं. आज दुपारी, दुकान, करडा कोट, पिवळी बाही, दोन पाकिटं. शब्द सापडला नाही तिथे ती थांबायची, आणि तो माणूस थांबायचा. तो म्हणाला, त्या दुकानाला आत्ताच फोन जाईल, सहाच्या बातम्यांत सांगितलं जाईल, नंतर माणसं येतील, गोदाम उघडं ठेवा. मग म्हणाला, एक राहिलं. वेष्टनावर मूळ भाषेत जे छापलंय ते आम्हाला नोंदीसाठी हवं. तुम्हाला ती भाषा वाचता येते का?

"येते," ती म्हणाली.

मग वाचा, तो म्हणाला. जसं आहे तसं. मोठ्यानं.

तिनं पाकीट उजेडाकडे धरलं. खोलीत प्रिंटरचा दिवा चालू होता. मावशी उभ्या होत्या, आणि खोक्यावर बसलेल्या वन्संची पाठ हलत नव्हती. तिनं ती ओळ वाचली. इथल्या एका कचेरीत, कधी न पाहिलेल्या माणसाच्या कानात, आपल्या भाषेत. पलीकडे कागदावर पेन टेकल्याचा आवाज आला, आणि थांबला.

"पुन्हा एकदा," तो माणूस म्हणाला. "सावकाश. ऐकू येईल तसं मला लिहून घ्यायचंय."

"यात," ती म्हणाली, आणि पेन पोचेपर्यंत थांबली. "शेंगदाणे. आहेत."